कंडम मालाचे दुसरे आयुष्य

मराठीने इंग्रजी कचेऱ्यांतून उचललेल्या शब्दांपैकी ‘कंडम’ हा शब्द विशेष लक्ष देण्याजोगा आहे. मुळात तो एक शेरा आहे. रेल्वेच्या, बांधकाम खात्याच्या किंवा लष्कराच्या भांडारात एखादी वस्तू निकामी ठरली, की तपासणी करणारा अधिकारी तसा शेरा मारतो आणि वस्तू हिशेबातून जाते. शासकीय मराठीने त्यासाठी ‘निर्लेखन’ असा भारदस्त शब्द तयार केला. पण तो फायलीबाहेर फारसा पडला नाही. ‘कंडम’ मात्र गावोगाव पोहोचला. गाडी कंडम होते, पाण्याचा पंप कंडम होतो, आणि चिडलेला माणूस दुसऱ्या माणसालाही कंडम ठरवून मोकळा होतो.

शेरा मारल्याने वस्तू नाहीशी होत नाही. एका वहीतले तिचे नाव पुसले जाते, एवढेच. त्यानंतर ती कोणाच्या हाती जाते, त्या हातांना काय देते आणि त्यांच्याकडून काय घेते, हा प्रश्न उरतो. लष्कराने टाकलेल्या मालाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण तो माल मुळातच मारण्यासाठी घडवलेला असतो. हा प्रश्न प्रशासनाचा आहे तसाच साहित्याचाही आहे, असे माझे म्हणणे आहे. आणि वर्धा जिल्ह्यात साहित्य वाचणाऱ्या-शिकवणाऱ्या माणसाला तर तो टाळता येऊ नये.

वर्धा शहराला लागून मेघे नावाच्या वस्त्यांची एक माळ आहे : पिपरी मेघे, सावंगी मेघे, बोरगाव मेघे, सिंदी मेघे. तेथून पश्चिमेला तीसएक किलोमीटरवर पुलगाव. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभे राहिलेले केंद्रीय दारूगोळा भांडार तेथे आहे. सुमारे सात हजार एकरांवर पसरलेले हे भांडार देशातील सर्वांत मोठे मानले जाते. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तेथील एका साठवणगृहाला आग लागून स्फोट झाले. दोन लष्करी अधिकारी आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी मिळून किमान १६ जण गेले. ती बातमी देशभर गाजली. मला येथे बोलायचे आहे ते तिच्यानंतर अडीच वर्षांनी घडलेल्या आणि तुलनेने लवकर विसरल्या गेलेल्या दुसऱ्या घटनेबद्दल.

भांडाराजवळ सोनेगाव (आबाजी) या गावाच्या बाजूला जुना दारूगोळा नष्ट करण्याचे मैदान आहे. मुदत संपलेला किंवा सदोष ठरलेला दारूगोळा येथे आणायचा, खड्डे खणून त्यात ठेवायचा, माती लोटायची आणि दुरून स्फोट घडवायचा, अशी रीत. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी जबलपूरजवळच्या खमरिया आयुध निर्माणीचा २३ मिलिमीटरचा दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू होते. पेट्या उतरवताना स्फोट झाला. ६ जण मेले, अनेक जखमी झाले. मृतांत खमरियाच्या कारखान्याचा एक कर्मचारी होता. इतर आसपासच्या गावांतली, ठेकेदाराकडे रोजावर गेलेली माणसे होती. जखमींना सावंगी मेघेच्या रुग्णालयात आणले गेले. त्या रुग्णालयाला आचार्य विनोबा भावे यांचे नाव आहे.

त्या दिवसांच्या बातम्या आज पुन्हा वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. एकाच मैदानावरच्या माणसांना कोठे ‘मजूर’ म्हटले आहे, कोठे ‘गावकरी’, तर कोठे ‘भंगार वेचणारे’. हा केवळ घाईत लिहिणाऱ्या वार्ताहरांचा गोंधळ नव्हे. स्फोट घडवून झाल्यावर मैदानावर धातू उरतो : काडतुसांचे पितळ, गोळ्यांवरच्या पट्ट्यांचे तांबे, पेट्यांचे लोखंड. तो गोळा करायला आसपासची माणसे जात, हे सर्वांना ठाऊक होते. खड्डे खणणारा, पेट्या उतरवणारा आणि नंतर पितळ वेचणारा हा अनेकदा एकाच गावचा, कधी एकाच घरचा माणूस. पण कागदावर ‘मजूर’ असला तर तो कामावर मेला. ‘भंगार वेचणारा’ असला तर तो नसत्या ठिकाणी गेला म्हणून मेला. पहिल्याचे कुटुंब भरपाई मागू शकते. दुसऱ्याच्या कुटुंबाला आधी त्याच्या तेथे असण्याचा खुलासा करावा लागतो. एका नामाच्या निवडीवर एवढे अवलंबून असेल, तर ते प्रकरण भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेबाहेरचे कसे म्हणता येईल?

येथे मराठी लेखनाच्या एका सवयीविषयी बोलणे भाग आहे. वर्धा आणि पुलगाव यांचा एकत्र उल्लेख आला की लेखणी आपोआप विरोधाभासाकडे वळते. एकीकडे सेवाग्राम आणि पवनार, दुसरीकडे दारूगोळ्याचे कोठार; गांधी-विनोबांच्या जिल्ह्यात बॉम्ब; दारूबंदीच्या जिल्ह्यात दारूचा साठा. असे शब्दखेळ सहज सुचतात आणि वाचकालाही क्षणभर आवडतात. परंतु या विरोधाभासाने आपल्या हाती काय लागते? तो रचण्यासाठी सोनेगावला जावे लागत नाही. नकाशावरची दोन नावे शेजारी ठेवली की काम भागते. त्यात अहिंसा ही एक कल्पना, बारूद ही दुसरी कल्पना. आणि त्या दोहोंच्या मध्ये रोजीसाठी पितळ वेचणारी बाई कोठेच नाही. या जिल्ह्याचे त्या भांडाराशी असलेले नाते वैचारिक विरोधाचे नाही, उदरनिर्वाहाचे आहे. ते ओळखल्याशिवाय त्याच्यावर नैतिक भाष्य करण्याचा अधिकार आपल्याला येत नाही.

लष्कराचा टाकाऊ माल नागरी जीवनात येणे यात मुळात काही वावगे नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. युद्धे संपली की असे जगभर घडत आले आहे. अमेरिकेचे यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले तेव्हा घरी जाणाऱ्या सैनिकांना आपले हत्यार पगारातून पैसे कापून विकत घेण्याची मुभा मिळाली : मस्केटला ६ डॉलर, स्पेन्सर कार्बाइनला १०, तलवारीला ३. उरलेला माल लिलावांतून व्यापाऱ्यांकडे आणि तेथून पश्चिमेच्या वसाहतींकडे गेला. बंदुका, खोगिरे, घोंगड्या, गाड्या यांनी त्या सरहद्दीवरचे दैनंदिन जीवन भरून गेले. वाळवंटातील वाहतुकीसाठी सैन्याने मुद्दाम आणवलेले उंटसुद्धा १८६४ मध्ये कॅलिफोर्नियातील बेनिशिया येथे लिलावात निघाले. पुढे पश्चिमेच्या साहसकथांनी आणि चित्रपटांनी या वस्तूंना नायकाच्या अंगाखांद्यावर चढवले. जुन्या फौजी कोटातला, फौजी पिस्तूल बाळगणारा एकटा स्वार ही प्रतिमा जगाला पाठ आहे. तिच्यामागचा लिलाव मात्र कोणाला आठवत नाही. त्याच पिस्तुलांच्या टप्प्यात आलेल्या मूळ रहिवाशांची बाजू तर त्या कथांत फार उशिरा आणि फार थोडी आली.

या व्यापाराचा सम्राट म्हणजे न्यूयॉर्कचा फ्रान्सिस बॅनरमन. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धानंतर त्याने एवढा माल उचलला की शहरात तो ठेवणे धोक्याचे ठरले. म्हणून १९०० मध्ये हडसन नदीतले एक बेट विकत घेऊन त्याने तेथे किल्ल्यासारखी कोठारे बांधली. त्याच्या जाडजूड मालसूचीत तोफेपासून गणवेशाच्या बटणापर्यंत सारे मिळे, आणि ती सूची आज संग्राहक ग्रंथासारखी जपतात. हा गृहस्थ धार्मिक वृत्तीचा होता. युद्ध ही एक दिवस लुप्त कला ठरावी आणि आपला संग्रह तिचे संग्रहालय व्हावा, अशी इच्छा त्याने प्रकट केली होती. तो वारल्यानंतर, १९२० च्या ऑगस्टमध्ये, बेटावरच्या सुमारे २०० टन गोळ्यांचा आणि बारुदीचा स्फोट होऊन कोठाराचा काही भाग उडाला. मालकाची सदिच्छा बारुदीपर्यंत पोहोचलेली नव्हती. वस्तू विकली गेली, तिच्यावर नवे नाव चढले, तरी तिचा स्वभाव तोच राहतो, याचे इतके सरळ उदाहरण क्वचित सापडेल.

आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धानंतर अशीच लाट आली. १९४६ मध्ये अमेरिकी सैन्याचा येथे पडून असलेला माल भारत सरकारकडे आला आणि ‘डिस्पोजल’ हा शब्द बाजारात रुळला. जीप गाडी आधी फौजेची होती. मग ती कंत्राटदारांची, जंगल खात्याची, निवडणुकीच्या प्रचाराची झाली. कल्याणजवळची लष्करी छावणी फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचा निवारा बनली, १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि तेथील भाग आजही ‘कॅम्प’ म्हणून क्रमांकाने ओळखले जातात. सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींत हजारो संसार उभे राहिले. टाकाऊपणातून टिकाऊपणा निर्माण होण्याचे यापेक्षा चांगले उदाहरण नाही.

अलीकडचा दाखला ‘विक्रांत’चा. ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये सेवेतून निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून राहिली, २०१४ मध्ये लिलावात गेली आणि दारूखान्यात तोडली गेली. मुंबईच्या त्या भागाचे नावच जुन्या बारूदखान्याची आठवण सांगते. तिच्या पोलादाचा काही अंश बजाज कंपनीने घेतला आणि २०१६ च्या फेब्रुवारीत ‘व्ही’ ही मोटारसायकल बाजारात आणली. जाहिरातींचा सूर असा की इतिहासाचा एक तुकडा आता आपल्या मांडीखाली आहे. लोकांना ते आवडले, आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. वस्तूंच्या स्मृतीशी माणसे भावनेने जोडली जातातच. पण त्याच वर्षी मे महिन्यात पुलगावची आग लागली. एकाच लष्कराचा धातू एकीकडे अभिमानाची वस्तू म्हणून किंमत वाढवून विकला जातो, आणि दुसरीकडे किलोच्या भावाने कबाड्याच्या तराजूत पडतो. पहिल्याला कथा आहे, जाहिरात आहे, वंशावळ आहे. दुसऱ्याची वंशावळ तराजूवर येण्यापूर्वीच पुसलेली बरी असते, कारण ती विचारली तर विकणारा अडचणीत येईल.

हा फरक धातूचा नाही. लिलाव करणारी संस्था, बोली, पावती आणि विमा या साखळीतून जी वस्तू जाते, तिच्या प्रत्येक टप्प्याला कोणीतरी जबाबदार असतो. नष्ट करण्याच्या मैदानावरून निघणाऱ्या धातूलाही वरच्या टप्प्यांवर कागद असतात. ठेका दिला जातो, घेतला जातो. जसजसे खाली यावे तसतसा कागद विरळ होतो आणि धोका दाट होत जातो. सर्वांत खाली जो वाकून तुकडा उचलतो, त्याच्याजवळ कागद नसतो. तो तुकडा फुटलेला आहे की फुटायचा राहिला आहे, हे कळण्याचे साधनही नसते. लष्कराच्या भाकरी भाजणे हा वाक्प्रचार आपण दुसऱ्याच्या बिनमोबदल्याच्या कामासाठी हसत वापरतो. सोनेगावच्या मैदानावर तो जवळजवळ शब्दशः खरा ठरला : लष्कराचे सर्वांत धोक्याचे काम सर्वांत कमी मजुरीत करणारी ही माणसे लष्कराच्या कोणत्याही हजेरीपटावर नव्हती.

हीच माणसे का जातात, याचे उत्तर ‘लोभ’ असे देणारे पुष्कळ भेटतात. मला मराठीतला एक शेतीचा शब्द येथे अधिक उपयोगी वाटतो : सरवा. पीक काढून झाल्यावर शेतात राहिलेली कणसे, दाणे किंवा शेंगा म्हणजे सरवा, आणि तो वेचण्याची गरिबाची मुभा गावाने पिढ्यानपिढ्या मान्य केलेली. कोरडवाहू भागात कापूसही वेचायचा असतो, सरवाही वेचायचा असतो, आणि सरपणही. ‘वेचणे’ हे क्रियापद या हातांना आयुष्यभर पुरते. स्फोटानंतरच्या मैदानाकडे ते त्याच नजरेने पाहतात : मालकाने आपले पीक नेले आहे, उरलेला सरवा आपला. या नजरेत चोरी नाही, एक जुना सामाजिक करार आहे. मात्र त्या कराराची एक अट येथे मोडलेली असते. शेतकरी जो सरवा मागे ठेवतो, त्याने वेचणाऱ्याचा हात तुटत नाही. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंज या सरावक्षेत्राच्या परिसरातील गावांतूनही गोळ्यांचे अवशेष वेचताना किंवा त्यांचा धातू सोडवताना माणसे गेल्याच्या बातम्या वारंवार आल्या आहेत. तेव्हा हा एका भांडाराचा अपघात नसून एक रचना आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

या रचनेचा विचार वर्ध्यातच झालेला आहे. मगनवाडीत बसून ग्रामोद्योगांचा संसार चालवणारे जे. सी. कुमारप्पा यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या १९४५ च्या पुस्तकात परोपजीवी आणि लुटारू व्यवस्थेपासून सेवेच्या व्यवस्थेपर्यंत पायऱ्या मांडल्या. वस्तूच्या बाजारभावात तिची नैतिक किंमत दिसत नाही, आणि ती न पाहता विकत घेणाराही त्या दोषाचा वाटेकरी असतो, हा त्यांचा आग्रह होता. वर्ध्याला जोडायचेच असेल, तर सेवाग्रामच्या पुतळ्यापेक्षा कुमारप्पांच्या या प्रश्नाशी पुलगाव जोडावे. एक किलो पितळ बाजारात येताना त्याच्या भावात कोणाचा डोळा आणि कोणाचा पंजा मिसळला आहे? हा प्रश्न विचारला की विरोधाभास संपतो आणि हिशेब सुरू होतो.

आणि साहित्य? मराठीत या अनुभवाला भिडण्याची वाट आधीच पाडली गेली आहे. अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा आपण वर्गात अनेकदा शिकवतो. खाण बंद पडून काम गेलेला भीमा मढ्यांच्या राखेतले सोने शोधू लागतो. शेवटी एका प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि जातात. आणि त्याच सुमारास बंद पडलेली खाण पुन्हा सुरू होते. आपण बहुधा या कथेतले भीषण दृश्य शिकवतो, किंवा भीमाच्या धाडसाबद्दल बोलतो. कथेची खरी ताकद तिच्या अर्थव्यवहारात आहे. बेकारी आधी येते, स्मशान नंतर. समाजाने ज्याच्यावर ‘संपले’ असा शेरा मारला आहे, त्यातून भीमा जगण्याचे साधन काढतो. आणि त्या साधनाची किंमत म्हणून नेमकी तीच बोटे देतो, ज्यांच्या जोरावर त्याला उद्या दगड फोडायचे होते. अण्णा भाऊंनी भीमाला चोर ठरवले नाही आणि बिचाराही ठरवले नाही. हे दोन्ही मोह टाळणे फार कठीण असते. सोनेगावच्या मैदानाबद्दल आपल्या वर्तमानपत्री गद्याला ते साधलेले नाही. त्याने कधी घुसखोर पाहिला, कधी बळी पाहिला. कसब असलेला, धातूची पारख असलेला, धोका मोजून पाऊल टाकणारा माणूस त्याला दिसला नाही.

यावर एक आक्षेप येईल : संरक्षणाच्या क्षेत्रात गुप्तता अटळ असते, कुंपणाआड लेखकाने जावे कसे? आक्षेप खरा आहे, पण तो कुंपणाच्या आतल्या बाजूपुरता. मी ज्याच्याविषयी बोलतो आहे ते सारे कुंपणाबाहेर आहे : गावातले घर, ठेकेदाराचा मुकादम, कबाड्याचे दुकान, रुग्णालयाचा वॉर्ड. अमेरिकी कथनांनी सरहद्द म्हणून जे पाहिले ते राष्ट्राच्या टोकाला होते. आपली ही सरहद्द राज्याच्या पोटात, कपाशीच्या शेताला लागून आहे. तेथे जायला कोणाचा परवाना लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की साहित्याने अशा प्रश्नांवर बोलून काय होणार; नियम कडक करा, पहारा वाढवा, म्हणजे झाले. पहारा वाढवल्याने वेचणारा थांबत नाही. तो रात्री जातो, म्हणजे अधिक धोक्यात जातो. माझे मत उलट दिशेचे आहे. नष्ट करण्याचे काम आणि नंतर उरलेला धातू उचलण्याचे काम ही दोन्ही प्रशिक्षित, विमा असलेल्या, नावानिशी नोंदलेल्या माणसांनी करावीत, आणि त्यांत आसपासच्या गावांचा हक्काचा वाटा असावा. सरावक्षेत्रांमुळे होणाऱ्या नुकसानीच्या भरपाईसाठी १९३८ सालचा कायदा आहेच. म्हणजे लष्कराच्या वापराची झळ शेजाऱ्याला बसते, हे तत्त्व राज्यसंस्थेने फार पूर्वी मान्य केले आहे. ते तत्त्व उभ्या पिकाला लागू होते तर वेचणाऱ्या हाताला का होऊ नये?

यात साहित्याच्या विद्यार्थ्याचे काम लहान आहे, पण ते दुसरे कोणी करणार नाही. गोळ्याच्या कोणत्या भागाला गावात काय म्हणतात, तांबे आणि पितळ न कापता कसे ओळखतात, मैदानावर कोणी आधी जायचे हे कसे ठरते, अपघातात गेलेल्याचे नाव घरात कसे घेतात, हे सारे शब्द अजून जिवंत माणसांच्या तोंडी आहेत. वर्ध्यातल्या, पिपरी मेघेतल्या, पुलगाव-देवळीतल्या मराठी विभागांनी अण्णा भाऊंची कथा शिकवून झाल्यावर विद्यार्थ्यांना एवढी एक वही भरायला सांगावी. बॅनरमनच्या मालसूचीत प्रत्येक वस्तूचा क्रमांक आणि भाव होता. ती हाताळणाऱ्या माणसाचे नाव नव्हते. आपल्या वहीत निदान ते असावे.